स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. तरी ३० वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आजच्या लॅपटॉपशी कसा बोलतो?

१९९५ साली 'टॉय स्टोरी' आला. संपूर्णपणे कॉम्प्युटरवर तयार झालेला हा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. त्यातली दृश्यं तयार करण्यासाठी पिक्सारने 'स्पार्कस्टेशन २०' नावाचे ११७ कॉम्प्युटर कामाला लावले होते. पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा डबा, म्हणून या मशीनना 'पिझ्झाबॉक्स' असंच टोपणनाव पडलं होतं.

हे मशीन बनवणारी कंपनी म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला हे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे एक सहसंस्थापक. सनचे कॉम्प्युटर विद्यापीठांत, संशोधन संस्थांत आणि चिप किंवा यंत्रांचं डिझाइन करणाऱ्या कंपन्यांत वापरले जायचे. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये आणलेला 'परम १००००' हा महासंगणकही सनच्याच सर्व्हरवर उभा होता. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि हे नाव हळूहळू मागे पडलं.

आता समजा, असाच एक स्पार्कस्टेशन एखाद्या जुन्या प्रयोगशाळेच्या कपाटातून बाहेर निघाला. आत हार्ड डिस्क आहे आणि तिच्यावर कुणाचं तरी अनेक वर्षांचं काम आहे. तुम्ही मॉनिटर जोडायला जाता, तर मागचं सॉकेट वेगळंच निघतं. कीबोर्ड लावायला जाता, तर यूएसबी नाहीच. वीज दिली की पंखा फिरतो आणि पुढे काहीच घडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "गेलाय हा", आणि डबा भंगारात जातो. डिस्कसकट.

खरं तर अनेकदा तो डबा गेलेला नसतो. तो मागच्या एका सॉकेटमधून सगळं सांगत असतो, ऐकणारं कुणी नसतं एवढंच. त्या सॉकेटला म्हणतात सिरियल पोर्ट आणि तिथून चालणाऱ्या संवादाला सिरियल कन्सोल. तो आजच्या लॅपटॉपवर कसा ऐकायचा, ते समजून घेऊ.

कन्सोल म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटर सुरू होताना जिथे आपले पहिले संदेश दाखवतो आणि जिथून पहिल्या आज्ञा घेतो, ती जागा म्हणजे कन्सोल. आपल्या घरच्या पीसीत ही जागा म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड.

पण कॉम्प्युटरला कायम स्क्रीन असायची असं नाही. १९६३ मध्ये आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र म्हणजे विजेवर चालणारा टाइपरायटर. माणूस त्यावर आज्ञा टाइप करायचा, कॉम्प्युटर उत्तर कागदावर छापायचा. वेग होता सेकंदाला १० अक्षरं. पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला, त्याला टर्मिनल म्हणू लागले. कॉम्प्युटरच्या दृष्टीने मात्र फारसं काही बदललं नाही. तो वायरवरून एकामागून एक अक्षरं पाठवत राहिला आणि घेत राहिला. लिनक्समध्ये आजही टर्मिनलच्या नावात 'टीटीवाय' ही अक्षरं दिसतात, ती 'टेलिटाइप'चीच खूण आहे.

सर्व्हरच्या खोलीत प्रत्येक मशीनला स्क्रीन लावत बसणं परवडत नाही. म्हणून सनच्या मशीनमध्ये एक सोय होती. सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, तर मशीन आपणहून संवाद 'टीटीवाय-ए' या पहिल्या सिरियल पोर्टकडे वळवतं. म्हणजे आपल्याला काही उघडायची किंवा सेटिंग बदलायची गरज नाही. कीबोर्ड न लावणं हीच पहिली पायरी.

इथेच एक चूक नेहमी होते. जुना सन कीबोर्ड सापडला म्हणून लोक तो जोडून ठेवतात. मग मशीनला वाटतं की माणूस स्क्रीनसमोर बसलाय, आणि सिरियल पोर्ट गप्प राहतो.

वायर तीनच, पण चार गोष्टी जुळायला हव्यात

सिरियल म्हणजे एकामागून एक. एकाच वायरवरून एकेक बिट रांगेत जातो. त्यामुळे संवादाला तीन वायर पुरतात. एक बोलायची, एक ऐकायची आणि तिसरी ग्राउंड, म्हणजे दोन्ही बाजूंसाठी शून्य व्होल्ट कुठे हे ठरवणारी.

पण या तीन वायर जोडून भागत नाही. व्होल्टेज, वायरींची दिशा, वेग आणि पडद्याची भाषा या चारही गोष्टी दोन्ही टोकांना सारख्या हव्यात. यातल्या शेवटच्या तीन चुकल्या तर फक्त वेळ जातो. पहिली चुकली, तर पोर्ट जळू शकतो.

पहिली गोष्ट: व्होल्टेज

स्पार्कस्टेशनचा पोर्ट 'आरएस-२३२' या मानकाप्रमाणे चालतो. हे मानक १९६० मध्ये अमेरिकेत आलं आणि १९६९ ची त्याची 'सी' आवृत्ती जगभर रूढ झाली. यात बिट ओळखायची पद्धत आजच्या चिपपेक्षा उलटी आहे. वायरवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असतील तर तो '१', आणि अधिक ३ ते अधिक १५ असतील तर '०'. वायर शांत असते, तेव्हा तिच्यावर उणे व्होल्टेज असतं.

आजच्या छोट्या बोर्डांवर, उदाहरणार्थ रास्पबेरी पायवर, सिरियल पिन असतात. पण तिथे '०' म्हणजे शून्य व्होल्ट आणि '१' म्हणजे ३.३ व्होल्ट. या पद्धतीला बाजारात 'टीटीएल' म्हणतात.

आता दुकानात किंवा ऑनलाइन 'यूएसबी टू सिरियल' असं शोधलं, की दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. एकाच्या टोकाला ९ पिनांचं जाड कनेक्टर असतं, तो आरएस-२३२ चा. दुसरं म्हणजे एक छोटं बोर्ड आणि त्याला चार-पाच सुट्या वायर किंवा पिना, तो टीटीएलचा. दुसरा स्वस्त असतो, म्हणून तोच घेतला जातो. त्याच्या ३.३ व्होल्टच्या चिपवर स्पार्कस्टेशनने उणे-अधिक कित्येक व्होल्ट पाठवले, तर ती चिप जळण्याची पूर्ण शक्यता असते. नाही जळली, तरी '०' आणि '१' उलटे असल्यामुळे अर्थ काहीच लागत नाही.

उलट बाजूनेही हाच धोका आहे. आरएस-२३२ चा अ‍ॅडॉप्टर थेट रास्पबेरी पायच्या पिनांना लावला, तर पाय जाऊ शकतो. मधे 'मॅक्स ३२३२' सारखी व्होल्टेज बदलून देणारी चिप लागते.

म्हणून स्पार्कस्टेशनसाठी ९ पिनांचा, पाकिटावर आरएस-२३२ असं स्पष्ट लिहिलेला अ‍ॅडॉप्टरच घ्यायचा.

अ‍ॅडॉप्टरमध्येही नकली माल असतो

अ‍ॅडॉप्टरच्या आत कोणती चिप आहे, यावर बरंच अवलंबून असतं. एफटीडीआय आणि प्रोलिफिक या दोन कंपन्यांच्या चिप सगळ्यात जास्त दिसतात आणि दोन्हींच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत.

२०१४ मध्ये यावरून मोठा वाद झाला होता. स्कॉटलंडच्या एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून लोकांकडे पोहोचला. नकली चिप आढळली की तो तिचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकायचा. त्यानंतर कॉम्प्युटर तो अ‍ॅडॉप्टर ओळखेनासा व्हायचा. आपल्याकडची चिप नकली आहे हे अनेक ग्राहकांना माहीतही नव्हतं. टीकेनंतर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हर काही जुन्या आणि नकली चिप चालवायला सरळ नकार देतात.

यातून घ्यायचं ते इतकंच, की जुनं मशीन गप्प असेल तर दोष त्याचाच असेल असं नाही. आधी अ‍ॅडॉप्टर तपासा. तो कसा तपासायचा, ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट: वायरी उलट की सुलट?

फोनवर बोलताना एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी जोडलेलं असावं लागतं. सिरियलचंही तसंच आहे. एका बाजूची पाठवायची वायर दुसऱ्या बाजूच्या ऐकायच्या वायरला जोडायची.

आरएस-२३२ बनलं ते कॉम्प्युटर आणि मोडेम जोडण्यासाठी. कॉम्प्युटरच्या पोर्टची रचना एक, मोडेमच्या पोर्टची तिच्या उलट. त्यामुळे या दोघांमध्ये सरळ केबल चालते. पण आपण जोडतोय कॉम्प्युटरला कॉम्प्युटर. दोन्ही एकाच प्रकारचे, म्हणून मधे वायरींची अदलाबदल करावी लागते. अशी अदलाबदल केलेली केबल म्हणजे 'नल मोडेम' केबल.

स्पार्कस्टेशन २० च्या मागे २५ छिद्रांचं सॉकेट आहे. इथे सनने अनेकांना चकवलंय. साधारण संकेत असा, की कॉम्प्युटरच्या बाजूला पिना असतात आणि मोडेमच्या बाजूला छिद्रं. सनने कॉम्प्युटर असूनही छिद्रांचं सॉकेट दिलं. ते पाहून लोक सरळ केबल आणतात आणि मशीन गप्प राहतं.

जोडणी अशी आहे:

- २५ पिनांच्या बाजूला: २ नंबरची पिन बोलायची, ३ नंबरची ऐकायची, ७ नंबरची ग्राउंड.
- ९ पिनांच्या अ‍ॅडॉप्टरला: २ नंबरची ऐकायची, ३ नंबरची बोलायची, ५ नंबरची ग्राउंड.

म्हणजे केबल घरी बनवायची असेल, तर २ ला २, ३ ला ३ आणि ७ ला ५. आकडे बघितले तर वायरी सरळ गेल्यासारख्या वाटतात, पण ९ आणि २५ पिनांच्या कनेक्टरमध्ये या दोन पिनांची कामं आधीच उलट आहेत. त्यामुळे अदलाबदल आपोआप होते. 'नल मोडेममध्ये २ ला ३ जोडायचं' हा नियम दोन्ही टोकं सारख्या आकाराची असतील तरच लागू होतो.

शंका असेल, तर साधा मल्टिमीटर उत्तर देतो. मशीन सुरू करून ग्राउंड आणि एकेका पिनेमधलं व्होल्टेज मोजा. २ आणि ३ पैकी जिथे ठळक उणे व्होल्टेज दिसेल, ती त्या मशीनची बोलायची पिन. ऐकायच्या पिनेवर जवळजवळ काही दिसत नाही.

तिसरी गोष्ट: वेग

भजनात टाळ धरणाऱ्यांना कुणी हात दाखवून लय सांगत नाही. ती आधी ठरलेली असते आणि प्रत्येक जण मनात मोजत असतो. सिरियल पोर्टवरही ठोका देणारी वेगळी वायर नसते. दोन्ही मशीन आपापल्या घड्याळाने वेळ मोजतात, म्हणून वेग आधीच ठरवून घ्यावा लागतो.

सनचा ठरलेला वेग आहे ९६००, आणि पूर्ण सेटिंग '९६००-८-एन-१' असं लिहितात. ९६०० म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. ८ म्हणजे एका अक्षराचे ८ बिट. 'एन' म्हणजे चूक तपासायचा जादा बिट नाही. १ म्हणजे अक्षर संपल्याची खूण देणारा एक बिट. अक्षर सुरू झाल्याची खूण देणारा आणखी एक बिट असतोच. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे १० बिट, आणि सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं. ८० रकाने आणि २४ ओळींचा जुना पडदा पूर्ण भरायला दोन सेकंद लागतात.

वेग चुकला, तर पडद्यावर प्रश्नचिन्हं, चौकोन आणि अगम्य अक्षरं उमटतात. हे दिसलं की अनेक जण घाबरतात. उलट ही चांगली बातमी आहे. वायर बरोबर आहे, मशीन जिवंत आहे, फक्त वेगाचा आकडा बदलायचा आहे.

चौथी गोष्ट: पडद्याची भाषा

साध्या अक्षरांपलीकडे मशीन काही खुणाही पाठवतं. पडदा पुसा, कर्सर वरच्या ओळीत न्या, हे अक्षर ठळक करा, अशा. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या 'व्हीटी १००' या टर्मिनलची खुणांची पद्धत इतकी रुजली, की आजचे बहुतेक टर्मिनल प्रोग्रॅम तीच भाषा बोलतात.

विंडोजवर पुट्टी किंवा टेरा टर्म, लिनक्सवर मिनिकॉम किंवा स्क्रीन, यापैकी काहीही चालेल. मॅकवरही स्क्रीन आहे. एक्सपीपर्यंत विंडोजसोबत येणारं हायपरटर्मिनल मात्र पुढच्या विंडोजमधून गायब झालं.

आता प्रत्यक्ष जोडूया

१. दोन्ही उपकरणं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर लावा. ग्राउंडची वायर दोघांना जोडणार आहे, त्यामुळे अर्थिंग नसलेलं सॉकेट टाळा. मशीनच्या मागच्या लेबलवर व्होल्टेज बघून घ्या.

२. स्पार्कस्टेशन बंद असतानाच केबल टीटीवाय-ए ला जोडा. कीबोर्ड काढून ठेवा.

३. अ‍ॅडॉप्टर लॅपटॉपला लावा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली 'कॉम ३' किंवा 'कॉम ५' असं नाव दिसेल, तेच पुट्टीत लिहायचं. उबुंटूसारख्या लिनक्सवर परवानगी नाकारली गेली, तर आपलं खातं 'डायलआउट' गटात घालावं लागतं.

४. सेटिंग भरा: वेग ९६००, डेटा ८, पॅरिटी नाही, स्टॉप १. 'फ्लो कंट्रोल' नावाचा पर्याय 'नन'वर ठेवा. तो हार्डवेअरवर असेल, तर लॅपटॉप आणखी दोन वायरींवरच्या इशाऱ्याची वाट बघत बसेल आणि आपल्या केबलमध्ये त्या वायरी नाहीतच.

५. पुट्टीत लॉगिंग सुरू करा. पडद्यावर येणारं सगळं फाइलमध्ये जपलं जाईल. पहिल्यांदा येणारे चुकांचे संदेश पुन्हा दिसतीलच असं नाही.

६. आता मशीन सुरू करा आणि थांबा. मेमरी जास्त असेल, तर तपासणीला काही मिनिटंही लागू शकतात. घाईने बंद-चालू करू नका.

काहीच दिसत नसेल तर?

आधी अ‍ॅडॉप्टर तपासा. तो स्पार्कस्टेशनपासून सोडवा आणि त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका छोट्या वायरीने एकमेकींना जोडा. पुट्टीत काहीही टाइप करा. अक्षरं पडद्यावर उमटली, तर अ‍ॅडॉप्टर, ड्रायव्हर आणि पोर्टचं नाव सगळं बरोबर आहे. वायर काढल्यावर अक्षरं उमटणं थांबायला हवं.

त्यानंतर लक्षणावरून दोष शोधता येतो:

- पडदा पूर्ण कोरा: बोलायची आणि ऐकायची वायर उलट, कीबोर्ड जोडलेला, किंवा केबल दुसऱ्या पोर्टला.
- अगम्य अक्षरं: वेग चुकला.
- संदेश दिसतात, पण टाइप केलेलं पोहोचत नाही: फ्लो कंट्रोल चालू राहिलंय, किंवा ३ नंबरची वायर सुटली.
- प्रत्येक अक्षर दोनदा: टर्मिनल प्रोग्रॅममधला 'लोकल इको' बंद करा.

'ओके' दिसलं. पुढे काय?

सगळं जुळलं, की पडद्यावर मशीनचं मॉडेल, मेमरी आणि नेटवर्क पत्ता येतो. डिस्कवरून सुरू व्हायला जमलं नाही किंवा आपण मधेच अडवलं, तर 'ओके' असा छोटा शब्द दिसतो. ही आहे ओपनबूट. सनच्या मशीनच्या चिपमध्येच असलेली ही यंत्रणा डिस्क नसली तरी चालते. ती 'फोर्थ' या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली असल्यामुळे तिथे '२ ३ + .' असं टाइप केलं तर ५ असं उत्तरही मिळतं.

'बॅनर' टाइप केलं की मशीनची ओळख पुन्हा दिसते. 'प्रोब-स्कझी' दिलं की जोडलेल्या डिस्कची यादी येते. डिस्कचं नाव इथे दिसलं, तर निम्मी काळजी मिटली. 'बूट' म्हटलं की ती सुरू होते.

चालू मशीनला मधेच अडवायचं असेल, तर 'ब्रेक' नावाचा इशारा पाठवतात. तो कुठलंही अक्षर नसतो. लाइन एका अक्षराला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ '०' वर धरून ठेवायची, इतकंच. पुट्टीच्या मेन्यूत 'स्पेशल कमांड'खाली तो सापडतो. मात्र यामुळे अख्खं मशीन जागच्या जागी थांबतं. केबल ओढली किंवा टर्मिनल बंद केलं, तर त्या झटक्यालाही सनची मशीन कधी कधी ब्रेक समजतात. चालता सर्व्हर असा अचानक गोठला, तर 'गो' टाइप केल्यावर तो पुढे चालू लागतो.

डेटा वाचवायचा असेल तर अजून एक अडथळा

जुन्या सनमध्ये हमखास दिसणारा संदेश म्हणजे, ओळखपत्राची माहिती अवैध आहे. ही माहिती एका छोट्या चिपमध्ये असते आणि तिची लिथियम बॅटरी चिपच्या प्लॅस्टिकमध्येच बंद केलेली असते. तिचं आयुष्य साधारण १० वर्षांचं धरलेलं. ती संपली, की मशीन आपला नेटवर्क पत्ता विसरतं आणि त्या जागी सगळे 'एफ' दिसतात. अशा पत्त्याने नेटवर्क चालत नाही. त्या काळातली अनेक महागडी सॉफ्टवेअर मशीनच्या ओळख क्रमांकाला बांधलेली होती, तीही सुरू व्हायला नकार देतात.

आता तुम्ही म्हणाल, नेटवर्क हवंच कशाला, याच सिरियल केबलवरून फाइल आणूया. गणित करून बघा. सेकंदाला ९६० अक्षरं या वेगाने १ जीबी डेटा आणायला साधारण १२ दिवस लागतील, तेही एकदाही न थांबता. याच मशीनवरचं १० एमबीपीएसचं जुनं इथरनेट तेवढंच काम आदर्श परिस्थितीत पाव तासाच्या आत करतं.

म्हणून क्रम असा: कन्सोलवरून 'ओके'ला पोहोचायचं. तिथून ओळखपत्राची १६ बाइटची नोंद पुन्हा भरायची. सनच्या नेटवर्क पत्त्याची सुरुवात ०८-००-२० अशी असते आणि उरलेले आकडे अनेकदा त्या चिपवरच्या पिवळ्या बारकोडच्या स्टिकरवर सापडतात, त्यामुळे ते स्टिकर फाडू नका. नोंद भरली की नेटवर्क सुरू होतं आणि डेटा दुसऱ्या मशीनवर नेता येतो. बॅटरी मेलेली असेपर्यंत वीज गेली की नोंद पुन्हा पुसली जाते. कायमचा उपाय म्हणजे चिप बदलणं. काही जण प्लॅस्टिक कोरून बाहेरून साधा नाणे-सेलही जोडतात.

डिस्कवरचं काम खरंच मौल्यवान असेल, तर ती थेट 'बूट' करू नका. सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर काही ना काही लिहीतच असते. सोलॅरिसच्या सीडीवरून मशीन सुरू करून आधी डिस्कची पूर्ण प्रत काढणं जास्त सुरक्षित. पासवर्ड कुणालाच आठवत नसेल, तरी हाच मार्ग उपयोगी पडतो, कारण सीडीवरून सुरू झालेलं मशीन डिस्कवरचा पासवर्ड विचारत नाही.

ही सोय जितकी उपयोगी, तितकीच धोक्याची आहे. ज्याच्या हातात कन्सोल, त्याच्या हातात मशीन. सर्व्हरची खोली कुलूपबंद ठेवण्याचं हेही एक कारण. म्हणून मशीन आपलं असेल किंवा मालकाची परवानगी असेल, तरच या वाटेला जायचं.

हे आज शिकून उपयोग काय?

प्रत्येक जुन्या मशीनचे तपशील थोडे वेगळे असतात. डिजिटलच्या काही मशीनला फोनसारखं दिसणारं कनेक्टर असतं. टेलिटाइपच्या काळातली मशीन तर व्होल्टेजऐवजी २० मिलिअ‍ॅम्पिअरचा प्रवाह चालू-बंद करून बोलतात, त्यांना आरएस-२३२ थेट जोडताच येत नाही. पण विचारायचे प्रश्न तेच चार राहतात. व्होल्टेज किती? कोणती वायर बोलते? वेग काय? भाषा कोणती?

आणि हे फक्त जुन्या मशीनपुरतं नाही. ऑफिसच्या नेटवर्क स्विचवर 'कन्सोल' लिहिलेलं सॉकेट असतं. रास्पबेरी पाय सुरू होत नसेल, तर त्याच्या सिरियल पिनांवर ११५२०० च्या वेगाने कारण कळू शकतं. अनेक घरगुती राउटरच्या आतही अशाच तीन-चार पिना असतात. मशीन सगळीकडून गप्प झालं, की इंजिनिअर आजही याच दाराशी जातात.

तेव्हा कपाटातून असा एखादा डबा निघाला आणि पडदा कोरा दिसला, तर लगेच निकाल देऊ नका. ९ पिनांचा एक अ‍ॅडॉप्टर, तीन वायरींची एक केबल आणि ९६०० हा आकडा, एवढ्यावर आधी त्याला विचारून बघा. भंगारवाल्याला बोलवायचं की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.